नॅनोमीटरचा हट्ट आणि वॉटचा हिशेब

गुजरातमधल्या धोलेऱ्यात टाटा आणि तैवानची पीएसएमसी ही कंपनी मिळून उभारत असलेल्या चिप कारखान्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. तेव्हापासून आपल्याकडे एक वाद थांबायला तयार नाही. एक बाजू म्हणते, ९१ हजार कोटी रुपये ओतून आपण बनवणार काय, तर २८ नॅनोमीटरची चिप! ती तर तैवानमध्ये २०११ सालीच मोठ्या प्रमाणावर बनू लागली होती. तिथं आता २ नॅनोमीटरचं उत्पादन सुरू झालं, म्हणजे शर्यतीत उतरण्याआधीच आपण हरलो. दुसरी बाजू म्हणते, कारखाना येतोय हेच मोठं. आज २८, उद्या १४, परवा ७. वर्तमानपत्रांतले लेख असोत, वाहिन्यांवरच्या चर्चा असोत की इंजिनिअर मंडळींचे व्हॉट्सॲप गट, सगळीकडे हेच दोन सूर. पण इतकं भांडूनही एका गोष्टीवर दोघांचं पूर्ण एकमत आहे: चिपची प्रतिष्ठा नॅनोमीटरवर मोजायची. मला हे मोजमापच चुकीचं वाटतं. ठरवून दिलेलं काम करायला चिप किती ऊर्जा खाते, आणि ती ऊर्जा कमी करायची विद्या कोणाच्या हातात आहे, या दोन प्रश्नांवर आपल्या चिप-धोरणाचं यश-अपयश ठरायला हवं. कमी विजेवर चालणाऱ्या चिपचं संशोधन कारखाना उभा राहिल्यावर सवडीनं करायचं काम आहे, अशी समजूत दिसते. ते कारखान्याइतक्याच गांभीर्यानं, आणि त्याच्या आधीपासून, पोसावं लागतं.

आधी या नॅनोमीटरबद्दल, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या हिश्श्याबद्दल. ‘२ नॅनोमीटर’ म्हटल्या जाणाऱ्या चिपमध्ये २ नॅनोमीटर मापाचा ट्रान्झिस्टर (प्रवाह चालू-बंद करणारा सूक्ष्म स्विच) शोधायला गेलात तर सापडणार नाही. त्या पिढीतही शेजारशेजारच्या दोन ट्रान्झिस्टरच्या गेटमधलं, म्हणजे प्रवाह अडवणाऱ्या दारांमधलं, अंतर पन्नास नॅनोमीटरच्या आसपासच असतं. हा आकडा आता पिढीचं नाव म्हणून उरला आहे. नाव असायला हरकत नाही. पण एका नावावरून राष्ट्राची लायकी ठरवायची आणि त्यावर वर्षानुवर्षं भांडायचं, हे कितपत शहाणपणाचं?

एके काळी या आकड्याला खरा अर्थ होता, आणि तो ऊर्जेशीच बांधलेला होता. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये दाखवून दिलं की ट्रान्झिस्टर लहान करताना त्याचं व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवलं, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवूनही चिप जास्त तापत नाही. चिपमधला एखादा बिंदू शून्याचा एक झाला की खर्च होणारी ऊर्जा त्याच्या धारितेवर (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवर) आणि व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असते. व्होल्टेज निम्मं केलं की ऊर्जा चौथ्या हिश्श्यावर येते. पुढची तीस वर्षं सगळा संगणक उद्योग या देणगीवर जगला. दर दोन वर्षांनी चिप बारीक व्हायची, वेगवान व्हायची आणि विजेचं बिल मात्र जिथल्या तिथं राहायचं. मग २००४ च्या सुमारास हा मार्ग खुंटला. इंटेलनं त्या वर्षी ‘तेजस’ नावाचा, डिझाइन बरंच पुढं गेलेला प्रोसेसर रद्द केला, आणि काही महिन्यांनी ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ वरही पाणी सोडलं. त्यांच्याकडे बारीक ट्रान्झिस्टर होते, पैसा होता, जगातले उत्तम कारखाने होते. वीज आणि उष्णता यांच्यापुढे त्यातलं काहीही चाललं नाही.

का चाललं नाही, हे समजून घेतलं तरच पुढचा मुद्दा कळेल. ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून थोडा प्रवाह झिरपत राहतो. वॉशर झिजलेला नळ कितीही पिळून बंद केला तरी जसा ठिबकत राहतो, तसा. याला आमच्या चिप-डिझाइनच्या क्षेत्रात लीकेज म्हणतात. व्होल्टेज उतरवायचं तर ट्रान्झिस्टर ज्या व्होल्टेजला चालू होतो तो उंबरठाही खाली आणावा लागतो. आणि तो ऐंशी-शंभर मिलिव्होल्टनं खाली आणला की लीकेज जवळपास दहा पट होतं. उंबरठा वर ठेवावा तर चिप संथ, खाली आणावा तर बसल्या जागी वीज खाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. म्हणून व्होल्टेज एका मर्यादेखाली जाईना, आणि डेनार्ड यांनी सांगितलेलं गणित तिथंच थांबलं. तेव्हापासून चिप बारीक करून मिळणारा ऊर्जेतला फायदा दर पिढीगणिक आटत चालला आहे आणि तो मिळवायला लागणारा पैसा मात्र वाढत चालला आहे.

आता विरोधकांचं सगळ्यात बळकट म्हणणं घेतो. ते म्हणतील, फायदा आटला असेल, संपलेला नाही. एकाच डिझाइनची चिप नव्या पिढीत बनवली तर ती आजही कमी ऊर्जा खाते. खरं आहे. २०११ पासून आलेल्या फिनफेट या उभ्या ट्रान्झिस्टर-रचनेनं लीकेजलाही चांगला आळा घातला, हेही खरं. मोठी एआय मॉडेल शिकवायला जी यंत्रणा लागते ती २८ नॅनोमीटरवर बांधणं आज व्यवहार्य नाही, हे मी बिनशर्त मान्य करतो. आणि तैवानच्या सामुद्रधुनीत उद्या काही घडलं तर ज्याच्याकडे कारखाना नाही त्याचे हाल कुत्रा खाणार नाही, हा मुद्दा तर नाकारताच येत नाही. कारखाना हवाच. त्याच्या विरोधात माझं एक अक्षरही नाही.

पण बारीक चिप म्हणजे काटकसरी चिप, हे समीकरण मला मान्य नाही. ४ नॅनोमीटर पिढीतली एनव्हिडियाची एच१०० ही एकच चिप आपल्या मेमरीसह ७०० वॉटपर्यंत वीज घेते. आणि गूगलचं उदाहरण तर या वादात प्रत्येकानं पाठ करावं असं आहे. गूगलनं २०१५ पासून आपल्या डेटा सेंटरमध्ये एआयसाठी खास बनवलेली पहिली टीपीयू चिप बसवली. ती होती २८ नॅनोमीटरची. तिची तुलना झाली इंटेलच्या त्या वेळच्या हॅसवेल प्रोसेसरशी, जो २२ नॅनोमीटरचा, म्हणजे एक पिढी पुढचा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत, त्या विशिष्ट कामासाठी, प्रत्येक वॉटमागे मिळणारं काम टीपीयूचं त्या काळच्या प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिपच्या ३० ते ८० पट भरलं. पिढ्या बदलून एवढी झेप घ्यायची तर किती वर्षं लागली असती? ही झेप कारखान्यातून आली नाही. आठ बिटांत भागत असेल तर बत्तीस बिट कशाला वापरायचे, आकडे मेमरीतून पुन्हा पुन्हा का आणायचे, असे प्रश्न विचारणाऱ्या माणसांमुळे ती आली.

मेमरीचा उल्लेख सहज केलेला नाही. स्टॅनफर्डच्या मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये मांडलेले आकडे आमच्या व्यवसायात सगळ्यांना तोंडपाठ असतात. ४५ नॅनोमीटरच्या चिपमध्ये ३२ बिटांच्या दोन पूर्णांकांची बेरीज करायला सुमारे ०.१ पिकोज्यूल (पिकोज्यूल म्हणजे ज्यूलचा एक लाख कोटीवा हिस्सा) ऊर्जा लागते. तेवढाच एक आकडा चिपबाहेरच्या डीरॅम या मेमरीतून आणायला सुमारे ६४० पिकोज्यूल. बेरजेपेक्षा ने-आण सहा हजार पटींनी महाग! ट्रान्झिस्टर आणखी बारीक करून बेरीज निम्म्या ऊर्जेत झाली, तर एकूण हिशेबात काय फरक पडणार? फरक पडतो तो मांडणीत: कुठलं काम कुठं करायचं, कुठला आकडा जवळ ठेवायचा, काय करायचंच नाही. ही मांडणी कागदावर आणि डोक्यात होते. तिला अब्जावधी डॉलरची यंत्रं लागत नाहीत.

इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडलेलं आहे. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक डिजिटल चिपच्या मुळाशी असलेलं सीमॉस तंत्र फेअरचाइल्डच्या फ्रँक वॉनलस यांनी १९६३ मध्ये मांडलं. स्थिर असताना ते नगण्य वीज खायचं, पण संथ होतं. मोठे संगणक बनवणाऱ्यांनी त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. त्यांना बायपोलर या दुसऱ्या प्रकारच्या ट्रान्झिस्टरचा वेग हवा होता. तो मिळाला, आणि त्याबरोबर चिप थंड ठेवायला पाण्याचे पाइप आले. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांमध्ये पाणी खेळवून थंड केलेले जड मोड्यूल असायचे. १९९४ मध्ये त्याच आयबीएमनं सीमॉसवर चालणारे मेनफ्रेम बाजारात आणले. त्यातला एकेक प्रोसेसर जुन्या बायपोलर प्रोसेसरपेक्षा चांगलाच संथ होता. तरी कंपनीनं तो रस्ता धरला, कारण जागा, वीज आणि थंडावा यांचा खर्च एवढा उतरला की संथपणा परवडला. चार-पाच वर्षांत सीमॉसनं वेगातही बायपोलरला मागे टाकलं. संथ पण काटकसरी तंत्रानं वेगवान पण खादाड तंत्राला संपवलं, आणि ‘मागासलेलं’ ठरवलेलं तंत्रच पुढं निघालं.

दुसरं उदाहरण केंब्रिजचं. एकॉर्न या लहानशा ब्रिटिश कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी एक प्रोसेसर रचला. तो २६ एप्रिल १९८५ रोजी पहिल्यांदा चालला. ट्रान्झिस्टर जेमतेम २५ हजार, तंत्र ३ मायक्रॉनचं, म्हणजे ३ हजार नॅनोमीटरचं. त्याच वर्षी आलेल्या इंटेलच्या ३८६ मध्ये २ लाख ७५ हजार ट्रान्झिस्टर होते आणि तंत्र होतं १.५ मायक्रॉनचं, दुप्पट बारीक. एकॉर्नला चिप महागड्या सिरॅमिकऐवजी स्वस्त प्लास्टिकच्या वेष्टनात बसवायची होती, म्हणून एका वॉटच्या आत राहणं भाग होतं. ती बसली दहाव्या हिश्श्यात. पहिल्या चाचणीत प्रवाह मोजायला गेले तर मीटर शून्यावर. शोधल्यावर कळलं की बोर्डावर चिपची वीजजोडणीच झालेली नव्हती. शेजारच्या सर्किटमधून सिग्नलच्या पिनांवाटे जो थोडा प्रवाह आत येत होता, त्यावर ती चालली होती. ही चिप म्हणजे एआरएम. आज तुमच्या-माझ्या खिशातल्या फोनमधला प्रोसेसर तिच्याच वंशातला. त्या वेळी लंडनच्या कुणा पत्रकारानं ‘३ मायक्रॉन म्हणजे कालबाह्य’ असं लिहिलं असतं, तर तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आणि पूर्णपणे गैरलागू ठरलं असतं.

कमी विजेच्या चिपच्या संशोधनाला शास्त्राचं रूप देणाऱ्यांत चेन्नईत जन्मलेले अनंत चंद्रकासन अग्रणी आहेत. अमेरिकेत बर्कले विद्यापीठात असताना त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९९२ मध्ये जो निबंध लिहिला, त्यातली एक कल्पना मला आजही थक्क करते. एक गणनयंत्र ५ व्होल्टवर पळवण्याऐवजी तशीच दोन शेजारी ठेवा, दोघांनाही निम्म्या वेगानं चालू द्या. वेग निम्मा चालत असेल तर व्होल्टेज २.९ वर आणता येतं. काम तेवढंच होतं आणि वीज लागते मूळच्या ३६ टक्के. बदल्यात सिलिकॉनची जागा तिप्पट-साडेतिप्पट जाते. आता विचार करा: सिलिकॉनची जागा स्वस्त कुठं आहे? जुन्या नोडवर, म्हणजे जुन्या पिढीच्या तंत्रावर! जो देश २८, ४० आणि ५५ नॅनोमीटरचा कारखाना उभारतोय, त्याच्यासाठी जागा देऊन वीज वाचवणारी ही विचारपद्धती मुद्दाम बेतल्यासारखी आहे. आणि आपण मात्र जागा वाया जाते म्हणून हळहळत बसलोय.

आता ज्या उपकरणांची आपल्याला खरी गरज आहे त्यांच्याकडे येऊ. शेतातल्या मातीची ओल मोजणारा सेन्सर घ्या. त्यात साध्या घड्याळाच्या दुकानात मिळणारा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल टाकला, तर त्याची क्षमता साधारण २२५ मिलिअँपिअर-तास. तो दहा वर्षं टिकवायचा तर सरासरी प्रवाह अडीच मायक्रोअँपिअर, म्हणजे सगळं मिळून आठ मायक्रोवॉटच्या आत. एवढ्यात जागं व्हायचं, मोजायचं, रेडिओवरून पाठवायचं आणि परत झोपायचं. असा सेन्सर आपल्या आयुष्याचा ९९ टक्क्यांहून जास्त वेळ झोपलेला असतो. त्याची आयुर्मर्यादा वेगावर ठरत नाही, झोपेतल्या लीकेजवर ठरते. इथं अतिबारीक ट्रान्झिस्टर उलट अडचणीचा. म्हणूनच जगभर अशा अनेक चिप आजही ४० ते १८० नॅनोमीटरच्या पट्ट्यात बनतात. हृदयाचा पेसमेकर दहा-वीस मायक्रोवॉटवर वर्षानुवर्षं ठोके सांभाळतो. श्रवणयंत्र एका छोट्या झिंक-एअर सेलवर दिवसेंदिवस चालतं. या वस्तूंना २ नॅनोमीटरची गरज नाही. त्यांना गरज आहे एकेक नॅनोअँपिअरसाठी झगडणाऱ्या डिझाइनरची.

आणि हा झगडा प्रयोगशाळेतल्या २५ अंशांवर करून भागत नाही. तापमान दर दहा-बारा अंशांनी वाढलं की लीकेज साधारण दुप्पट होतं. चंद्रपुरात मे महिन्यात उन्हात टांगलेल्या मीटरच्या पेटीत आतलं तापमान सहज साठीपार जातं. म्हणजे कागदावरचं लीकेज तिथं दहा ते सोळा पट. युरोपातल्या थंड तळघरासाठी बेतलेली चिप आपण आणतो, आणि बॅटरी लवकर का संपली म्हणून पुरवठादाराशी भांडतो. ही समस्या दुसरं कुणी आपल्यासाठी का सोडवेल? ती आपली आहे, आपल्या हवेची आहे.

मीटरवरून आणखी एक हिशेब. केंद्राच्या योजनेत देशभर २५ कोटी स्मार्ट मीटर बसवायचे आहेत. मीटर स्वतःही वीज खातो, दिवसरात्र. समजा प्रत्येकानं फक्त एक वॉट खाल्ला. २५ कोटी मीटर म्हणजे २५० मेगावॉट, चोवीस तास, बाराही महिने. अकोला जिल्ह्यातल्या पारसच्या औष्णिक केंद्रातल्या एका संचाची पूर्ण क्षमता आहे २५० मेगावॉट. म्हणजे एक अख्खा संच, त्याचा कोळसा, त्याचं पाणी, त्याची राख, केवळ मीटरच्या पोटापाण्यासाठी. त्या एका वॉटचा अर्धा वॉट केला तर? हे काम पूर्णपणे २८ ते १८० नॅनोमीटरच्या आवाक्यातलं आहे. चिपचा वाद करणाऱ्यांपैकी कुणी हा हिशेब मांडलेला माझ्या पाहण्यात नाही.

यावर एक जुना आणि गंभीर आक्षेप आहे. इंग्लंडच्या विल्यम जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये लिहून ठेवलं की वाफेची इंजिनं काटकसरी झाली तेव्हा कोळसा कमी लागण्याऐवजी जास्तच लागू लागला, कारण इंजिनं वापरणं स्वस्त झालं. चिपचंही तेच होईल, मग या काटकसरीचा उपयोग काय? एआयच्या बाबतीत ही भीती खोटी म्हणता येणार नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरनी सुमारे ४१५ टेरावॉट-तास वीज वापरली, जगाच्या वापराच्या दीड टक्का, आणि २०३० पर्यंत हा आकडा ९४५ च्या घरात जाईल. ऐरोली-महापे-रबाळे पट्ट्यात उभ्या राहणाऱ्या बिनखिडक्यांच्या इमारती पाहिल्या की तो आकडा डोळ्यांपुढं येतो. तरीही जेव्हन्सचा नियम अटळ नाही. २०१० ते २०१८ या काळात जगातल्या डेटा सेंटरमधलं गणनकाम साडेपाचशे टक्क्यांनी वाढलं आणि वीज वाढली फक्त सहा टक्के; २०२० मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासाचा हा निष्कर्ष. म्हणजे तंत्र आणि व्यवस्थापन नेटानं सुधारत राहिलं तर मागणीला आवर घालता येतो. ते थांबलं की भडका उडतो. आणि सेलवर चालणाऱ्या उपकरणांना तर जेव्हन्स लागूच होत नाही. श्रवणयंत्राचा सेल दुप्पट टिकला म्हणून कुणी दुप्पट वेळ ऐकत नाही. सेल बदलण्याचा खर्च झेपत नाही म्हणून जे यंत्र फडताळात पडून राहतं, ते कानाला लागतं. ही वाढ वाईट कशी?

तिसरा आक्षेप आपल्याच लोकांचा, आणि तो मला सगळ्यात जास्त टोचतो. डिझाइन आपल्याकडे आहेच की, असं म्हटलं जातं. जगातले जवळपास वीस टक्के चिप डिझाइनर भारतीय, हा आकडा प्रत्येक मंत्र्याच्या भाषणात असतो. बेंगळुरू, हैदराबाद, नोएडा आणि आमचं पुणे इथल्या माणसांच्या क्षमतेबद्दल शंका घेण्याचं कारणच नाही. इंटेलनं २०११ मध्ये ‘क्लेअरमाँट’ नावाचा प्रायोगिक प्रोसेसर दाखवला. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या सौर घटावर तो चालत होता, आणि २८० मिलिव्होल्टपर्यंत उतरला तरी तग धरत होता. त्या संशोधनात इंटेलच्या बेंगळुरूतल्या अभियंत्यांचा मोठा वाटा होता. मग अडलं कुठं? नेमकं इथंच घोडं पेंड खातं. चिप कशासाठी बनवायची, तिचं पॉवर बजेट, म्हणजे विजेची मर्यादा, किती, कुठल्या तडजोडी करायच्या, हे बहुतेक वेळा दुसऱ्या देशात ठरतं. आपल्याकडे येतो त्या निर्णयानंतरचा भाग: ब्लॉक (चिपचा एखादा भाग) पूर्ण करा, व्हेरिफिकेशन (तपासणी) करा, टायमिंग (सिग्नल वेळेत पोचण्याचं गणित) बसवा.

या कामातही बारकावे आहेत, ते मी रोज पाहतो. एखाद्या ब्लॉकचा पॉवर रिपोर्ट उघडला की पहिली नजर क्लॉकवर, म्हणजे सगळ्या चिपला ताल देणाऱ्या सिग्नलवर, जाते. चालू चिपच्या खर्चातला तिसरा हिस्सा अनेकदा एकट्या क्लॉकच्या जाळ्यात जातो. समोर एक काउंटर (मोजणी करणारं सर्किट) दिसतो, तासातून एकदा ज्याचा उपयोग होतो, आणि त्याचा क्लॉक सेकंदाला कोट्यवधी वेळा विनाकारण वर-खाली होतोय. तिथं एक गेट टाकलं, गरज नसताना क्लॉक अडवला, की खर्च थांबला. हे सगळे करतात, टूलही आपणहून करतं. पण हा काउंटर इथं असावाच का, हा प्रश्न विचारायचा अधिकार रिपोर्ट पाहणाऱ्या माणसाला नसतो. ऊर्जेतली मोठी बचत त्याच प्रश्नात दडलेली असते. शेवटच्या टप्प्यात हाताशी लागते ती दहा-पंधरा टक्के. पहिल्या टप्प्यात दहा-पंधरा पट.

मग विद्यापीठांनी हे प्रश्न विचारावेत, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. आयआयटी मुंबईचा ‘अजित’, आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ हे प्रोसेसर मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरवर बनले, हे अभिमानास्पदच आहे. पण त्या दोन-चार नावांच्या पलीकडे आपल्या शेकडो इंजिनिअरिंग कॉलेजांत काय चालतं? कमी ऊर्जेच्या ॲडरवरचे (बेरीज करणाऱ्या सर्किटवरचे) निबंध ढिगानं निघतात. सगळे सिम्युलेशनवर. चिप प्रत्यक्ष बनत नाही, मोजली जात नाही. आणि कमी व्होल्टेजच्या डिझाइनमध्ये सिम्युलेशन हमखास फसवतं: उंबरठ्याजवळ काम करताना दोन शेजारच्या ट्रान्झिस्टरमधला किंचित फरकही वेगात कितीतरी पटींचा फरक पाडतो. ज्यानं आपली चिप हातात घेऊन, ती चालत नाही हे पाहून, का चालत नाही ते रात्र-रात्र शोधलेलं नाही, त्याला हा विषय कळत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

इथं स्वित्झर्लंडची गोष्ट दोन्ही बाजूंनी बोलते. तिथल्या घड्याळ उद्योगानं १९६२ मध्ये नशातेल गावी इलेक्ट्रॉनिक घड्याळांसाठी सामायिक प्रयोगशाळा काढली. मनगटावरच्या सेलवर वर्षभर चालेल असं सर्किट हवं, या एका गरजेतून तिथं एरिक व्हिटोझ आणि सहकाऱ्यांनी उंबरठ्याखाली चालणाऱ्या ट्रान्झिस्टरचा असा अभ्यास केला की १९७७ चा त्यांचा निबंध आजही या विषयात शिरणाऱ्याला वाचावा लागतो. आणि तरीही सत्तरच्या दशकात क्वार्ट्झ घड्याळांची बाजारपेठ जपाननं नेली, कारण स्विस कारखानदारांना आपल्याच प्रयोगशाळेवर विश्वास ठेवायला उशीर झाला. नुसतं संशोधन पुरत नाही, हे मला मान्य करावंच लागतं. पण विद्या राहिली. तिच्यावर तिथं कमी ऊर्जेच्या चिपचा वेगळा व्यवसाय उभा राहिला. ज्यांच्याकडे फक्त जुने कारखाने होते त्यांच्याकडे काय उरलं?

आपल्याकडे डिसेंबर २०२१ च्या सेमिकॉन इंडिया कार्यक्रमाला ७६ हजार कोटी दिले गेले. त्यात डिझाइनला प्रोत्साहन देणाऱ्या योजनेचा वाटा हजार कोटींचा. ८५ हजार अभियंते घडवू पाहणाऱ्या ‘चिप्स टू स्टार्टअप’ला २५० कोटी. कारखाना महागच असतो, त्यामुळे आकडे समान असावेत असं मी म्हणणार नाही. पण हे प्रमाण पाहून कुठली गोष्ट मुख्य आणि कुठली तोंडी लावायला, हे न सांगता कळतं. सी-डॅकच्या बेंगळुरूतल्या चिपइन केंद्रानं कॉलेजांना डिझाइनची महागडी सॉफ्टवेअर उपलब्ध करून दिली आणि मोहालीत चिप बनवून घेण्याची सोय केली, हे फार चांगलं काम आहे. ते पायलट प्रकल्पाच्या आकारातून बाहेर यायला हवं.

कसं, याचं उत्तर अमेरिकेनं १९८१ मध्येच दिलं होतं. कार्व्हर मीड आणि लिन कॉनवे यांनी चिप डिझाइन वर्गात शिकवता येतं हे दाखवल्यावर तिथल्या सरकारी संरक्षण-संशोधन संस्थेनं मोसिस ही सेवा सुरू केली. अनेक विद्यापीठांची डिझाइन एकाच वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) शेजारी-शेजारी बसवायची, मास्कचा, म्हणजे चिपची रचना छापणाऱ्या साच्यांचा, खर्च वाटून घ्यायचा, आणि तयार चिप प्रत्येकाला पाठवायच्या. हजारो विद्यार्थ्यांनी विशीत असताना आपली चिप मोजली. पुढच्या दोन पिढ्यांचे डिझाइनर तिथं तयार झाले. मोसिसनं स्वतःचा कारखाना काढला नाही. दुसऱ्यांच्या कारखान्यांत विद्यार्थ्यांसाठी जागा मिळवली.

धोलेऱ्याची नियोजित क्षमता महिन्याला ५० हजार वेफर. कारखान्यात वेफर फिरतात ते २५ च्या लॉटमध्ये. म्हणजे महिन्याच्या उत्पादनातला एक लॉट हा दोन हजारांतला एक हिस्सा. एका वेफरवर चार चौरस मिलिमीटरच्या हजारो चिप मावतात. जनतेचा एवढा पैसा ज्या कारखान्यात जातोय, त्याच्याकडून वर्षातून दोन लॉट कॉलेजांसाठी करारातच लिहून घ्यावेत. ५५ आणि ४० नॅनोमीटरवर, जिथं मास्क तुलनेनं स्वस्त आहेत आणि सेलवरच्या चिपची खरी गरज आहे. डिझाइन निवडताना अट एकच ठेवावी: ठरलेलं काम किती ज्यूलमध्ये होतं, ते ६५ अंशांवर मोजून दाखवायचं. मोजणीची उपकरणं प्रत्येक कॉलेजाला परवडणार नाहीत, म्हणून पुणे, नागपूर, मडगाव अशा ठिकाणी सामायिक मोजणी केंद्रं हवीत, जिथं गोंदियाच्या किंवा सावंतवाडीच्या मुलीला आपली चिप घेऊन जाता येईल. आणि लॉटच्या तारखा दोन वर्षं आधी जाहीर व्हाव्यात, अशा की अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळाला त्या शैक्षणिक दिनदर्शिकेत परीक्षांच्या शेजारी छापता येतील.